गोठ्यात कीटकनाशकाची विषबाधा: पहिला तास, उपचार आणि खबरदारी

धडधाकट गाय चरून आली, पाणी प्यायली आणि अर्ध्या तासात तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. पाठोपाठ पातळ शेण, डोळ्यांतून पाणी, आणि मांडीचे स्नायू कातडीखाली वळवळताना दिसू लागले. नव्याने जनावरं पाळणारा माणूस इथे अपचन समजून संध्याकाळपर्यंत वाट बघतो. कीटकनाशकाच्या बाधेत जनावर वाचायचं की जायचं हे बहुधा त्याच वाट बघण्यात ठरतं. म्हणून आधी काय करायचं ते सांगतो, कारणं आणि खबरदारी त्यानंतर.

पहिली पंधरा मिनिटं

सर्वांत आधी जनावराला विषापासून तोडा. नेमकं काय विषारी आहे हे कळलेलं नसतं, त्यामुळे चारा, पेंड, पाणी, चाटण सगळंच बंद करा. एकच जनावर आजारी दिसत असलं तरी बाकीच्यांनी तेच खाल्लेलं असतं, तेव्हा अख्खा कळप हलवा. जागा सावलीची, हवेशीर आणि मऊ जमिनीची हवी, कारण झटके आले तर जनावर आपटून घेतं. मात्र गव्हाणीतला चारा फेकू नका, टाकीतलं पाणी ओतून देऊ नका. दोन्ही झाकून ठेवा, तपासणीला तेच लागणार आहे.

जनावराला हात लावण्याआधी रबरी हातमोजे घाला. अंगावर सांडलेलं औषध माणसाच्याही कातडीतून आत जातं. शिवाय लाळ गाळणारं जनावर पिसाळलेलंही असू शकतं. घशात काही अडकलंय का हे बघायला उघडा हात तोंडात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी.

औषध अंगावर पडलं असेल किंवा गोचिडांसाठी केलेल्या फवारणीनंतर लक्षणं आली असतील तर जनावर धुवायचं. भुकटी असेल तर आधी कोरड्या फडक्याने झटका, मग पाणी. पाणी गार किंवा जेमतेम कोमट, साबण सौम्य, आणि किमान १५ ते २० मिनिटं धार चालू. गरम पाणी वापरू नका आणि खराऱ्याने खसाखसा घासू नका, कारण दोन्हींमुळे कातडीतला रक्तपुरवठा वाढतो आणि उरलेलं औषधही आत ओढलं जातं. कान, मांड्यांच्या आतली बाजू, शेपटीखालचा भाग आणि कास नेहमी राहून जाते, तिथे लक्ष द्या. नंतर अंग पुसून कोरडं करा. वासरं ओली राहिली तर गारठून वेगळंच संकट उभं राहतं.

तोंडाने काहीही पाजू नका, आणि चुका होतात त्या नेमक्या इथेच. गाईला उलटी करवता येत नाही, त्यामुळे मिठाचं पाणी पाजून विष बाहेर पडत नाही. तेल, तूप किंवा दूध तर मुळीच नको. बरीच कीटकनाशकं चरबीत विरघळतात, स्निग्ध पदार्थाबरोबर ती आतड्यातून लवकर शोषली जातात. आणि थरथरणाऱ्या जनावराला नीट गिळता येत नाही. बाटलीने पाजलेलं पोटात न जाता श्वासनलिकेत उतरतं, मग विषातून वाचलेलं जनावर चार दिवसांनी न्यूमोनियाने जातं.

जनावर खाली पडलं असेल तर कुशीवर पडू देऊ नका. दोन्ही बाजूंना भरलेली पोती लावून छातीवर बसतं करा, म्हणजे पोट फुगून श्वास कोंडणार नाही. मान पोटापेक्षा वर, पण तोंड खाली झुकलेलं असू द्या, म्हणजे लाळ बाहेर गळेल, घशात उतरणार नाही.

डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं

हे सगळं चालू असताना एकाने फोन करायचा. "गाय आजारी आहे, लवकर या" एवढ्याने डॉक्टर योग्य औषध योग्य प्रमाणात घेऊन निघू शकत नाहीत. लक्षणं कधी सुरू झाली, किती जनावरांना आहेत, गेल्या दोन दिवसांत शेतात आणि गोठ्यात कोणती फवारणी झाली, औषधाच्या डब्यावर घटकाचं नाव आणि टक्केवारी काय आहे, हे सांगा. बाजारातलं नाव पुरेसं नाही, घटकाचं नाव लागतं. डबा हाताशी असेल तर लेबलचा स्पष्ट फोटो पाठवा.

आणि वजन सांगा. अंदाजाने नाही, टेपने मोजून. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि १०,८४० ने भागा, म्हणजे किलोत वजन येतं. घेर १६० आणि लांबी १३० असेल तर वजन सुमारे ३०७ किलो. हे मोजमाप जनावर ठणठणीत असतानाच करून गोठ्याच्या वहीत लिहून ठेवलं तर आणीबाणीत दहा मिनिटं वाचतात.

शरीरात नेमकं काय बिघडतं

शेतात आणि गोठ्यात वापरल्या जाणाऱ्या किंवा पूर्वी वापरल्या गेलेल्या औषधांत जनावराला झपाट्याने मारणारे दोन गट आहेत. पहिला ऑर्गॅनोफॉस्फेट: क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस, फोरेट, प्रोफेनोफॉस, डायक्लोरव्हॉस वगैरे. दुसरा कार्बामेट: कार्बोफ्युरान, मेथोमिल, कार्बारिल. दोन्हींचा घाव एकाच जागी बसतो. मज्जातंतूकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्यामार्फत, आणि काम झालं की कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) ते द्रव्य मोडून टाकतं. ही औषधं त्या विकरालाच जखडून ठेवतात. मग निरोप थांबतच नाही: लाळग्रंथी स्रवत राहतात, आतडी हलत राहतात, स्नायू थरथरत राहतात आणि शेवटी थकून लुळे पडतात.

लक्षणं काही मिनिटांत ते काही तासांत येतात, बहुधा १२ तासांच्या आत. लाळ, अश्रू, वारंवार लघवी, पातळ शेण, पोटात कळा, छातीत घरघर, ताठर चाल, मग थरथर आणि कोसळणं. डोळ्याकडे जवळून बघा. गाईची बाहुली आडवी असते, ती सावलीतही आकसून बारीक रेघेसारखी झालेली असेल तर ही मोठी खूण आहे. मृत्यू येतो तो गुदमरून. श्वासनलिका स्रावाने भरते आणि श्वास ओढणारे स्नायूही थकतात.

कार्बामेटची पकड सैल असते. काही तासांत विकर आपोआप सुटतं, म्हणून पहिला झटका निभावला तर जनावर लवकर सावरतं. ऑर्गॅनोफॉस्फेटची पकड वेळ जाईल तशी पक्की होत जाते आणि एका टप्प्यानंतर सुटतच नाही. क्लोरपायरीफॉसच्या बाबतीत वळूंची जास्त काळजी घ्या, ते त्याला विशेष संवेदनशील असतात. काही ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे जनावर बरं झाल्यासारखं वाटतं आणि एक ते चार आठवड्यांनी मागचे पाय लुळे पडायला लागतात. त्यामुळे बरं झालेल्या जनावराची चाल महिनाभर तरी पाहत राहा.

बाकीचे गट थोडक्यात. लिंडेन, एंडोसल्फान यांसारख्या ऑर्गॅनोक्लोरीन औषधांत लाळेपेक्षा मेंदूची लक्षणं पुढे येतात: बिथरणं, मागे सरकत जाणं, पापण्या आणि मान फडफडणं, झटके. त्यांना उतारा नाही, झटके आवरणं एवढंच हाती असतं. अशा औषधांवर बंदी आणणारा स्टॉकहोम करार २००१ साली झाला, २००४ पासून लागू आहे आणि एंडोसल्फान त्यात २०११ मध्ये आलं; पण जुन्या कोठारातला अर्धा डबा करार वाचत नाही, तो शोधून बाहेर काढा. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गाईला तुलनेने सोसतात, जास्त झाले तर लाळ, कातडीची आग आणि कंप दिसतो. ॲमिट्राझचं उलटं: जनावर पेंगतं, नाडी मंदावते, पोट फुगतं. घोड्यावर ॲमिट्राझ कधीही वापरू नका, त्याची आतडी थांबतात.

तणनाशकाचा धोका बऱ्याचदा आडवळणाने येतो. २,४-डी फवारल्यावर काही विषारी तणं जनावरांना चवदार लागायला लागतात आणि काही तणांत नायट्रेट वाढतं. एरवी ज्याला तोंड लावत नव्हती तेच झुडूप गाय फवारणीनंतर ओरबाडून खाते.

डॉक्टर काय करतील आणि का

ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट दोन्हींवरचं मुख्य इंजेक्शन ॲट्रोपिन. गाईसाठी मात्रा साधारण ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो, त्यातला पाव भाग शिरेतून सावकाश आणि उरलेला कातडीखाली किंवा स्नायूत. आता हिशेब करा: ३०० किलोच्या गाईला १५० मिलिग्रॅम. नेहमी मिळणाऱ्या इंजेक्शनात एका मिलीत ०.६ मिलिग्रॅम असतं, म्हणजे तब्बल २५० मिली लागतात, तेही पहिल्या फेरीला. दोन-चार कुप्या टोचून "इंजेक्शन दिलं होतं, गुण आला नाही" असं होतं ते इथेच. म्हणून फोनवर वजन आणि जनावरांची संख्या सांगायची, म्हणजे पुरेसा साठा बरोबर येतो.

पुढची मात्रा दर काही तासांनी, लक्षणं बघून. लाळ आटली, छातीतली घरघर गेली की पुरे. त्यापुढे ॲट्रोपिन चालू ठेवलं तर पोटाची हालचाल थांबते आणि पोट फुगतं. ॲट्रोपिनने स्नायूंची थरथर जात नाही, ते त्याचं कामच नाही, त्यामुळे थरथर बघून मात्रा वाढवत नेऊ नये. थरथरीवर काम करतं ते प्रॅलिडॉक्सिम, २० ते ५० मिलिग्रॅम प्रति किलो. ते विकराला विषाच्या पकडीतून सोडवतं, पण पकड पक्की होण्याआधी, पहिल्या २४ ते ४८ तासांत दिलं तरच. फक्त कार्बामेटची बाधा असेल तर त्याचा उपयोग नाही. लेबलवरचं घटकाचं नाव एवढं महत्त्वाचं आहे ते यासाठी.

विष पोटात गेलं असेल तर सक्रिय कोळसा, साधारण १ ते २ ग्रॅम प्रति किलो, पाण्यात कालवून पोटात घातलेल्या नळीने. चुलीतला कोळसा कुटून हे काम होत नाही. सक्रिय कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात, विष त्यांत धरून ठेवलं जातं. साध्या कोळशात ती पकड नसते. झटके आवरायचे असले तरी फेनोथायझिन गटातली गुंगीची औषधं या बाधेत टाळायची असतात.

दुसऱ्या आजारांशी गल्लत

लाळखुरकुतातही लाळ गळते, पण ताप असतो, जिभेवर आणि खुरांत फोड दिसतात. विषबाधेत ताप बहुधा नसतो. झटक्यांच्या श्रमाने तापमान चढू शकतं एवढंच. युरियाची बाधा खाल्ल्यावर तासाभरात, पोट जोरात फुगून, कधी तोंडाला अमोनियाचा वास येऊन दिसते. नायट्रेटमध्ये रक्त चॉकलेटी होतं, सायनाइडमध्ये लालभडक. व्यायल्यानंतर दोन-तीन दिवसांत गाय मान पोटाकडे वळवून थंडगार बसली असेल तर आधी कॅल्शियमच्या कमतरतेचा विचार करा. आणि एकाच वेळी, एकाच गव्हाणीवरची अनेक जनावरं आजारी पडली तर संशय चाऱ्या-पाण्यावर घ्या.

नमुने

शवविच्छेदनात या बाधेची ठळक खूण सहसा सापडत नाही, सगळी भिस्त प्रयोगशाळेवर असते. जिवंत जनावराचं १० मिली रक्त हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत, प्रॅलिडॉक्सिम देण्याआधी घेतलेलं हवं, कारण त्या औषधाने विकराची पातळी बदलते. रक्त बर्फाच्या डब्यात ठेवायचं, पण गोठवायचं नाही. कोलिनेस्टरेज नेहमीच्या निम्म्याखाली गेलेलं असेल तर बाधा झाल्याचा भक्कम पुरावा मिळतो. मेलेल्या जनावराच्या पोटातला अर्धा किलो चारा, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूचा भाग वेगवेगळ्या स्वच्छ बरण्यांत गोठवून पाठवतात. फॉर्मॅलिन घालू नये. संशयित चारा एक किलो, पाणी एक लिटर काचेच्या बाटलीत. औषधाचा डबा नमुन्यांच्या पेटीत ठेवू नका, नुसत्या वाफेनेही नमुने बिघडतात.

बाधेनंतरचे दिवस

बाधित गाईचं दूध माणसाला नाही आणि वासरालाही नाही. ते काढून टाकायचं, पण काढायचं जरूर, नाहीतर कासेला सूज येते. किती दिवस, हे औषधावर अवलंबून आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट काही दिवसांत निघून जातात. ऑर्गॅनोक्लोरीन मात्र चरबीत साठतात आणि दुधातल्या स्निग्धांशाबरोबर महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतात, लोण्यात तर त्यांचं प्रमाण दुधापेक्षा जास्त असतं. डॉक्टरांनी किंवा प्रयोगशाळेने मोकळीक देईपर्यंत थांबा.

सावरलेल्या गाईच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. त्या काळात ती वरून ठीक दिसते, पण एरवी सोसलं असतं एवढंसं औषधही तिला पाडतं. या दिवसांत तिला ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट असलेलं गोचीडनाशक वा जंतनाशक देऊ नका. हाच धोका थोड्या-थोड्या बाधेतही असतो: आज बांधावरच्या गवतातून, परवा गोठ्याच्या फवारणीतून, आणि मग साध्या जंतनाशकानेही गाय कोसळते.

मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका. कुत्री, गिधाडं त्यावर तुटून पडतात आणि विष पुढे जातं. विहीर, ओढा यांपासून दूर खोल पुरा.

विष गोठ्यात येतं कुठून

बहुतेक वेळा फवारलेल्या पिकातून नव्हे, तर माणसाने जिथे तिथे ठेवलेल्या वस्तूंतून. पंपात औषध कालवलेली बादली, जी रात्री जनावरांच्या पाण्याला वापरली. दाणेदार फोरेट किंवा कार्बोफ्युरानचं उघडं पोतं, जे खनिज मिश्रण समजून गाईपुढे ठेवलं गेलं. खारट चवीसाठी जनावराने चाटलेली रिकामी पिशवी. पेरून उरलेलं, औषध चोळलेलं लाल-गुलाबी बियाणं, जे भरड्यात मिसळलं. यातलं एकही दुर्दैव नाही, प्रत्येक गोष्ट टाळता येण्यासारखी आहे.

म्हणून फवारणीची बादली, मापं आणि ढवळायची काठी वेगळी ठेवा, त्यांना लाल रंग द्या आणि ती गोठ्यात येऊच देऊ नका. औषधांची खोली पेंडीच्या खोलीपासून दूर आणि कुलपात. लेबलवरच्या लाल खुणेपासून हिरवीपर्यंत धोका उतरत जातो, पण हिरवी म्हणजे बिनधोक असं कुणी समजू नये. रिकाम्या डब्यात पाव भाग पाणी घालून अर्धा मिनिट हलवायचं, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं, असं तीनदा. मग डब्याला भोकं पाडायची, म्हणजे त्यात पाणी भरायचा मोह कुणाला होणार नाही.

फवारणीच्या दिवशी वाऱ्याच्या दिशेला जनावरं बांधू नका, पाण्याच्या टाक्या झाका. बांधावरचं गवत पिकाइतकंच फवारलं जातं, कुणी मुद्दाम फवारत नसलं तरी. लेबलवर काढणीआधी इतके दिवस थांबा असं लिहिलेलं असतं. ती मुदत बहुधा धान्याची किंवा फळाची असते. पानं आणि धाटं यांच्यावर औषध जास्त असतं, चाऱ्यासाठीची मुदत वेगळी दिलेली आहे का ते शोधा. दिलेली नसेल तर ते पीक चाऱ्यासाठी नाही असंच समजा.

गोचिडांची फवारणी

शेतीचं औषध जनावराच्या अंगावर वापरू नका. घटक तोच असला तरी त्यातली द्रावकं कातडीसाठी नसतात. पशुवैद्यकीय औषधाचं मिश्रण मोजून करा, झाकणाने किंवा चमच्याने नव्हे. सूत्र असं: हवी असलेली तीव्रता दशलक्ष भागांत (पीपीएम) धरा, तिला लिटरने गुणा, आणि औषधाच्या टक्केवारीच्या दहापटीने भागा. ॲमिट्राझ १२.५ टक्के, हवी तीव्रता २५०, पाणी १० लिटर: २५० गुणिले १० म्हणजे २,५००, भागिले १२५, म्हणजे २० मिली. याच गणितात शून्य चुकलं तर दहापट औषध अंगावर जातं.

फवारणीआधी जनावराला पोटभर पाणी पाजा, तहानलेलं जनावर अंगावरून ओघळलेलं चाटतं. भर उन्हात नको. जखमांवर, तोंडावर, डोळ्यांत नको. मोठ्या जनावराला अंगभर भिजवायला ३ ते ५ लिटर लागतात. मिश्रण सतत ढवळत राहा, नाहीतर औषध पाण्यापासून वेगळं होतं आणि कुणाच्या अंगावर नुसतं पाणी, तर कुणाच्या अंगावर तीव्र औषध पडतं. आदल्या दिवशी एक-दोन जनावरांवर वापरून बघा. लहान वासरं, अशक्त आणि आजारी जनावरं लेबलमध्ये परवानगी असेल तरच. फवारलेली जनावरं वाळेपर्यंत एकमेकांना चाटू शकणार नाहीत अशी बांधा आणि गव्हाण धुतल्याशिवाय चारा टाकू नका. तारीख, औषधाचा घटक, मात्रा आणि दूध किती दिवस बाजूला ठेवायचं हे त्याच दिवशी वहीत लिहा, वजनाच्या नोंदीशेजारीच.